तिसऱ्या ओळीतला श्वास

एस्तेरबाई पाटोळ्यांच्या नवऱ्याचा श्वास मी कॉम्प्युटरवर खोडून टाकला. मुद्दाम नव्हे. तो लाल दिसत होता म्हणून.

माझं ग्वाल्हेरच्या नया बाज़ारात छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, मयतानंतरच्या बैठकीची म्हणजे उठावणीची कार्डं, दुकानदारांची बिलबुकं. माझ्या हातून काय काय होऊ शकतं याचा बाजाराला अंदाज आहे. एकदा एकाच दिवशी एक लग्नपत्रिका आणि एक उठावणीचं कार्ड मशीनवर चढलं, आणि काळी चौकट लग्नाला गेली. मुलाचे वडील पत्रिका घेऊन आले, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "भाईसाहब, बात तो आपने सच्ची छापी है, पर शादी के पहले नहीं छापते." ते हसले म्हणून मी वाचलो. उठावणीवाल्यांकडे सोनेरी वेलबुट्टी आणि कोपऱ्यात सनईवाला गेला होता. ते हसले नाहीत.

तर अशा माणसाकडे बाई आपलं संगीत घेऊन आल्या, यावरून त्यांची केवढी पंचाईत झाली असेल ते ओळखावं.

बाई म्हणजे आमच्या ऋचाच्या पियानोच्या बाई. ऋचाचा पियानो दोन वर्षांत सुटला. बाई मात्र आम्हाला सुटल्या नाहीत. मूळच्या नगरकडच्या. वडील तिथल्या ख्रिस्ती मंडळीत पाळक होते. लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्या, मिशनच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या, पण मराठी माहेरची ठेवली. धुतलेली, वाळवलेली, घडी घातलेली. आमची मराठी ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर दाताखाली खडा आल्यासारखा भाव यायचा. मी म्हणायचो, "बाई, तुम्ही फिकर करू नका, मी ते करून घेईन."

"मोघे, तुमच्या घराण्याला दख्खन सोडून किती पिढ्या झाल्या?"

"सात-आठ तरी."

"हं. ऐकू येतंय."

अंगानं एवढ्याशा. फिक्या रंगाची सुती साडी, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत छत्री, टॉर्च, लवंगांची डबी आणि एक लांबलचक सुतळी. सुतळी कशाला, असं विचारलं तर म्हणायच्या, "लागली तर?" आजवर कधी लागली होती का? "नाही लागली. पण असती ना."

इतकी घाबरट बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही. गॅसचा खटका बंद करून त्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या, खटका फिरून उलटा वळेल की काय म्हणून. पालीला घाबरायच्या, माकडांना घाबरायच्या, बँकेतून फोन आला की उभ्या राहून बोलायच्या. कंपू भागातला रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी प्रार्थना. डोळे मिटून, हात जोडून, फुटपाथाच्या कडेला. प्रार्थना झाली की डोळे उघडायच्या, विक्रम टेम्पो, ई-रिक्शे, मोटरसायकली पाहायच्या, आणि पुन्हा डोळे मिटायच्या. शेवटी एखादी गाय रस्त्यात उतरली की तिच्या पोटाच्या आडोशानं पलीकडे. गाय मध्येच रवंथ करायला थांबली तर बाईही थांबायच्या. हे मी स्वतः पाहिलंय. मी स्कूटर थांबवून हसत होतो, तेवढ्यात मागून टेम्पोनं मला ठोकलं. बाई आणि गाय दोघी सुखरूप पलीकडे.

एकदा मी शहाणपणा केला. "बाई, देवावर एवढी श्रद्धा तुमची, मग भीती कसली?"

"तुम्ही पोटच्या पोरीला हात धरून रस्त्यावर न्यायचात, तेव्हा ती घाबरत नव्हती का?"

"घाबरायची की. घट्ट धरायची."

"मग झालं तर."

बाई पियानोला बसल्या की भीती पळून जायची, असं लिहिलं तर छान दिसेल. पण तसं काही होत नसे. भीती त्यांच्याबरोबर पियानोवर बसायची. त्यांचं काम असं होतं: उपासनेतली जुनी गीतं घ्यायची आणि आपल्या मंडळीसाठी ती पियानोवर नव्यानं बांधायची. चालीला हात लावायचा नाही.

"चाल माझी नव्हे," त्या म्हणायच्या. "किती लोकांनी किती भलत्या वेळी ती गायली असेल. मी फक्त खुर्च्या हलवते. घरी कोणी गुडघ्यानं अधू माणूस आला की आपण खुर्ची दाराजवळ आणतो ना, तेवढंच."

चाल उजव्या हातात, ती सगळ्यांची. डावा हात बाईंचा स्वतःचा. तो खाली काय काय करायचा ते मला कळत नसे. अंधारात कोणी भिंत चाचपत यावं तसे ते सूर यायचे. "शब्दांनी प्रार्थना करायला गेले की माझे शब्द पळत सुटतात," त्या म्हणाल्या होत्या. "हे नको होऊ दे, ते नको होऊ दे. देवबापालाही कंटाळा येत असेल. इथं बसलं की डावा हात त्याला काय ते सांगतो, आणि उजवा मध्येच तोडत नाही."

त्यांच्या एका बांधणीची सुरुवात तर प्रसिद्ध होती. अगदी खालच्या पट्ट्यांवर धडाड्-धूम्, मग शांतता, मग पुन्हा धडाड्-धूम्, आणि मग एकदम निर्मळ चाल. त्यावर पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं: पर्वतावरचा मेघगर्जनेचा देव आणि त्यानंतरची कृपा. मंडळी गहिवरली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वा बाई, काय गर्जना!" त्या इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "घरी पियानोमागे पाल असते हो. बसण्याआधी ती घालवायला वाजवते. सवय झाली, तशीच लिहिली गेली." मग म्हणाल्या, "पाळकसाहेबांना सांगू नका. त्यांनी खूप तयारी केली होती."

हे सगळं ऐकून मोठ्यांदा हसणारा माणूस म्हणजे बन्यामीनराव. बाईंचे यजमान. रेल्वेत गार्ड होते. छाती भरदार आणि आवाज खर्जातला, चर्चच्या बाकांना जाणवणारा. संगीताविषयी ते रेल्वेच्या भाषेत बोलायचे. कागदावरच्या उभ्या रेघांमधली घरं म्हणजे डबे, सुरांमधली शांत जागा म्हणजे थांबा. गाणं सुरू व्हायच्या आधी पहिल्या बाकावरून बायकोकडे पाहून हात असा हलवायचे, हिरवी झेंडी दाखवल्यासारखा. "चला मास्तरीणबाई, लाइन क्लियर." मूलबाळ नव्हतं. दोघांचं घर, एक उभा पियानो, एक पाल.

मग बन्यामीनरावांची फुप्फुसं कडक होत गेली. कंपूच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की हे मागे फिरणारं दुखणं नाही. सावकाश चाललं तर नशीब. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, नाकात नळी आली. थंडीत मी तिळाच्या गजकाचा डबा नेला तर म्हणाले, "मोघे, गजकाचा एक कण घशात गेला तर मी थेट वरच्या स्टेशनात. तुम्ही खा, मी बघतो." आणि खरंच बघत बसले. मला तो गजक गिळवेना.

यंत्र दिवसभर घुमायचं. पहिले काही दिवस बाई त्याच्याकडे चोर घरात शिरल्यासारख्या पाहत होत्या. मग एका दुपारी मी गेलो तर त्या एका बोटानं पियानोच्या पट्ट्या दाबत कान देत होत्या.

"काय शोधताय?"

"याचा सूर. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी आहे मेला." मग एक पट्टी दाबून ठेवली. "हा. जरा उतरलेला आहे. आमचा पियानोही उतरलेलाच आहे. जमेल दोघांचं."

मग त्यांनी संध्याकाळच्या उपासनेचं ते गीत, बन्यामीनरावांचं लाडकं, खाली आणून त्या यंत्राच्या सुरात बांधलं. घरी यंत्र तंबोऱ्यासारखं घुमायचं, बाई वाजवायच्या आणि ते नळी सावरत गायचे. त्यांचा एकच हट्ट होता: दर रविवारी हे गीत चर्चमध्ये पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत गायचं. "गार्ड गाडी मध्ये सोडून उतरत नाही," म्हणायचे. बाईंचंही सगळं त्यावर टांगलेलं होतं. डॉक्टरांच्या रिपोर्टवर त्यांचा विश्वास नव्हता. शेवटची ओळ झाली की तो आठवडा मिळाला, असा त्यांचा हिशेब.

याच सुमाराला बाईंच्या डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं. त्या लिहायच्या पेन्सिलनं, कारण सारखे बदल करायच्या. झेरॉक्सवर मोठं करून पाहिलं तर पानावर राख सांडल्यासारखं दिसायचं. तेव्हा त्या दुकानात आल्या. "मोघे, तुम्हाला हे कॉम्प्युटरवर मोठं करून छापता येईल?"

मी पान हातात घेतलं. पाच रेघा, त्यांवर मुंग्या. मला हार्मोनियमवर गणपतीतल्या आरत्या येतात, तेवढ्या बळावर मी म्हटलं, "त्यात काय, करून घेईन."

पुण्याहून ऋचानं फोनवर मला त्याचं सॉफ्टवेअर घालून दिलं. "पप्पा, देखो, एकेक टिकली जशी आहे तशी लावत जा. और सुनो, जो डिब्बा लाल हो जाए ना, समझो त्यात मात्रा जास्त झाल्या. मतलब गड़बड़ है."

"मग काय करायचं?"

"चेक करायचं ना, पप्पा. यार, आप भी."

चेक करायचं, असं ती म्हणाली होती. मी तांदूळ निवडावेत तशा टिकल्या लावत गेलो आणि पानावर जागोजागी डबे लाल होत गेले. प्रत्येक लाल डब्यात शेवटी एक फालतू थांबा होता. वाटलं, बाईंचे डोळे गेले, मोजायला चुकल्या बिचाऱ्या. मी एकेक थांबा उडवला. डबा काळा झाला की असं समाधान वाटायचं, काय सांगू. सगळं पान काळंभोर झालं तेव्हा मी शेजारच्या हलवायाकडून डाळभरली बेडई पुरी मागवून खाल्ली. छापलंही एवढं मोठं, की एका गीताची पानं चर्चच्या पियानोवर मावेनात. म्हणून पानं उलटायला रविवारी मीच उभा राहायचं ठरलं.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "तुम्हाला कळणार कसं, कधी उलटायचं ते?"

"बाई मान हलवतील."

"आणि तुम्ही त्यांच्याकडे बघाल? जन्मात कधी कोणी मान हलवलेली बघितलीये?"

रविवारी पहिल्या बाकावर बन्यामीनराव, पायाशी लहान सिलेंडर. त्यांनी हात हलवला. बाईंनी सुरुवात केली. मी मान कधी हलते याकडे जीव लावून पाहत होतो, त्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी काय झालं ते मला दिसलं नाही, ऐकू आलं. पियानो पुढं गेला, मंडळी पुढं गेली, आणि खर्ज मागं राहिला. दुसऱ्या ओळीत तो मध्येच चढला, सुटला, पुन्हा धावत आला. स्टेशन सोडलेल्या गाडीमागे माणूस धावतो तसा. मी वळून पाहिलं. बन्यामीनरावांनी बाकाची कड धरली होती. ओठांचा रंग गेला होता. तोंड उघडं, आणि त्यातून काही आत जात नव्हतं. डोळे मात्र पियानोकडे, बायकोच्या पाठीकडे. ते तिला हाक मारत नव्हते. गाडी थांबवायची नाही, म्हणून.

माझ्या हातात अर्धवट उलटलेलं पान. मला कळत होतं की हे मी काहीतरी केलंय, आणि काय ते कळत नव्हतं. इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

बाई थांबल्या. उजवा हात हवेत, डावा खालच्या सुरावर तसाच दाबलेला. मंडळी चार शब्द पुढं घरंगळली आणि तीही थांबली. चर्चमध्ये फक्त तो आवाज राहिला, बन्यामीनरावांच्या छातीतला, कोरड्या नळातून येतो तसा. बाई वळल्या नाहीत. तो खालचा सूर त्या हळूहळू पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या, यंत्राचा सूर, एक, मग एक, मग एक. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. कितीतरी वेळानं मागून बारीक आवाज आला, "लाइन क्लियर."

बाईंनी माझी छापील पानं स्टँडवरून काढली, नीट जुळवली, आपल्या खाली ठेवली आणि त्यांच्यावर बसून आठवणीनं गीत पहिल्यापासून वाजवलं. या वेळी जागोजागी थांबे होते. शेवटची ओळ झाली. खर्जासकट.

बाहेर पायरीवर त्या बसल्या होत्या. हात मांडीखाली धरलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ते थांबे चुकून नव्हते, मोघे."

"बाई, मला वाटलं, मात्रा जास्त..."

"जास्तच आहेत. मंडळी गाते म्हणजे माणसं गातात. डेव्हिडसाहेब दुसऱ्या ओळीआधी खोकायचे, त्यांच्यासाठी जागा ठेवली होती. ते गेले, पण मी ती भरली नाही. कशी भरू? लोकांना ठाऊक नाही कशाला थांबतो ते, पण सगळे थांबतात. बाकीचे यांचे. दर थोड्या दिवसांनी एखादा वाढतो. एकेक लिहिताना माझा हात मरतो."

मला पायरीत गडप व्हावंसं वाटलं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवली. ही मान मला बरोबर दिसली.

"तुमचंच नाही. माझे डोळे गेलेत, पण तुम्ही भिंतीएवढं छापलंत. मला दिसलं होतं थांबे नाहीत ते. पान असं स्वच्छ. एक क्षण वाटलं, हे बरे झाले की काय. आणि मी वाजवत गेले."

आत बन्यामीनराव पाळकसाहेबांना सांगत होते की गाडी आउटर सिग्नलला थांबली होती, काळजीचं कारण नाही.

मी सगळे थांबे परत घातले. पान लालेलाल झालं. तसंच छापलं. सुनंदा म्हणाली, "हे काय, देवीची पत्रिका छापलीत का?"

छापलेलं द्यायला बाईंकडे गेलो तो मे महिन्यातला दिवस. किल्ल्यावरून भट्टीसारखा वारा येत होता. बन्यामीनराव खुर्चीत, यंत्र घुमतंय, बाई पान डोळ्यांजवळ धरून पाहताहेत, आणि लाइट गेली. पंखा थांबला, मग यंत्र. इन्व्हर्टरनं दोनदा टकटक केलं आणि मान टाकली. यंत्राचा सूर त्या घरात इतका मुरला होता की तो गेल्यावर कान दुखले. त्या शांततेत बन्यामीनरावांचा श्वास ऐकू यायला लागला, आणि नको वाटायला लागलं.

"सिलेंडर," बाई म्हणाल्या. उठल्या आणि पुन्हा बसल्या. मी धावलो. आतल्या खोलीतून सिलेंडर ओढत आणला, नळी लावली, चावी फिरवली. काही नाही. आणखी फिरवली. आणखी जोर लावला. मी घामानं निथळतोय, बन्यामीनरावांची मान मागं जातेय, आणि मला मनात एकच दिसतंय: काळी चौकट. बन्यामीनरावांनी हात वर केला. बोलता येत नव्हतं. हातानं गार्डासारखी खूण केली: उलट. उलट दिशेला. मी सिलेंडर आवळून आवळून बंद करत होतो.

मागून एक सूर आला. बाई पियानोकडे सरकल्या होत्या. बंद पडलेल्या यंत्राचा सूर एका बोटानं दाबत होत्या. सूर, थांबा. सूर, थांबा. बन्यामीनराव त्यावर श्वास घेत होते. डोळे मिटलेले, चेहरा राखेसारखा, पण सुराबरोबर घेत होते, थांब्याबरोबर सोडत होते. मी चावी उलट फिरवली. सूं झालं. लाइट येईपर्यंत बाईंनी तो सूर सोडला नाही.

मग बन्यामीनरावांना झोप लागली. मी जायला निघालो तशी बाई म्हणाल्या, "बसा." पान पुढं केलं आणि पेन्सिल. "तिसऱ्या ओळीत, मध्यावर. इथं."

तिसरी ओळ मला ठाऊक झाली होती. चाल तिथं चढते, शिखरापर्यंत एका दमात जाते. तिथं थांबायला कुठं फटच नाही.

"इथं कसं थांबणार, बाई? ओळ तुटेल."

"गेले तीन-चार रविवार ते इथं तोंड हलवतात नुसतं. आवाज नसतो. त्यांना वाटतं मला कळत नाही. मला वाटतं, लिहिलं की ते खरं झालं." त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही लिहा."

"माझ्या हातून नको. माझ्या हातून काय होतं ते तुम्ही बघितलंय."

"भीती वाटते?"

"खूप."

"मग लिहा. न घाबरणाऱ्याच्या हातचं नको मला तिथं."

त्यांनी बोटानं जागा दाखवली आणि मी तो थांबा लिहिला. वेडावाकडा, लंगड्या कोंबडीसारखा. बाईंनी पान डोळ्यांपाशी नेलं, बघितलं. "जरा मोठा करा," म्हणाल्या. मी मोठा केला.

मोठा केलेला तो थांबा बन्यामीनरावांनी पुढचे सगळे रविवार वापरला. तिसऱ्या ओळीत चाल अर्ध्यावर चढून उभी राहायची, सगळी मंडळी शिखराखाली ताटकळायची, पहिल्या बाकावरून सावकाश भरून घेतलेला श्वास ऐकू यायचा, आणि मग खर्जासकट सगळे वर. ओळ तुटली नाही. खरं तर त्या थांब्यानंतर ती अशी काही उघडायची की मी, ज्याला गीतातलं ओ की ठो कळत नाही, दर रविवारी पानं उलटायच्या निमित्तानं जाऊ लागलो. सुनंदा म्हणायची, "बाप्तिस्मा कधी?"

थंडीच्या सुरुवातीला धुकं उतरलं आणि बन्यामीनराव कंपूच्या हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या कार्डाचं काम बाईंनी माझ्याकडेच दिलं. मी काळी चौकट सात वेळा तपासली. बरोबर लागली होती. एवढी एकच गोष्ट मी नीट छापली, आणि तीच छापायची नव्हती.

बाई नगरला भाच्याकडे जायला निघाल्या. पियानो शाळेला दिला, पाल घराला ठेवली. जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी संध्याकाळचं ते गीत वाजवलं. मी पानं उलटायला उभा होतो, पण पानं स्टँडवर नव्हतीच. त्यांना आता काही दिसत नव्हतं. सवयीनं उभा होतो. पहिल्या बाकावर त्यांची कापडी पिशवी ठेवलेली. तिच्या तोंडातून सुतळीचं टोक बाहेर आलं होतं.

डेव्हिडसाहेबांच्या खोकल्यापाशी सगळे थांबले. बन्यामीनरावांच्या एकेका थांब्यापाशी थांबले. मग तिसरी ओळ. चाल चढली, अर्ध्यावर पोचली, आणि बाईंनी हात उचलले. माझा थांबा. लंगडी कोंबडी.

चर्च गप्प झालं. बाहेर कुठंतरी टेम्पो गेला, तोही लांब गेला. मी कान दिला. पहिल्या बाकावरून काही आलं नाही. काही येणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं, तरी मी ऐकत राहिलो. ती शांतता लांबत गेली तसं मला त्या मे महिन्यातलं घर आठवलं, यंत्र बंद पडलेलं, माझे हात चावीवर, चावी उलटी. वाटलं, आता कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे, नाहीतर... आणि माझ्या तोंडून ओळीचा उरलेला अर्धा भाग बाहेर पडला. एकट्याचा. मोठ्यानं. बेसूर.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाईंची वळली नाही. हात तसेच पट्ट्यांच्या वर धरलेले.

"मोघे," त्या म्हणाल्या, "त्यांचा श्वास व्हायचाय अजून. तुम्हाला कुठं जायचंय एवढ्या घाईनं?"